रद्दीतला टायवाला

माझा धाकटा भाऊ दिप्या रद्दीच्या ढिगावर पालथा पडला होता. तिथूनच त्यानं मला हाक मारली आणि सांगितलं, की ह्या पुस्तकातल्या माणसाला नाक नाही, पण डोळे मात्र बशीएवढे आहेत.

मी पेपर आणि पुठ्ठा वेगळा करत होते. शाळेतून आल्यावर हातपाय धुवायच्या आधी मी ते काम उरकायचे, कारण नंतर केलं तर परत धुवायला लागायचे. इंग्रजी पेपर एकीकडं, मराठी एकीकडं, वह्या तिसरीकडं आणि लग्नपत्रिका आईकडं. पत्रिकांवरचे गणपती कापून ठेवायचा तिला नाद होता. तिच्याकडं एवढे गणपती झाले होते, की आमच्यावर विघ्न यायला जागाच नव्हती. तरी ते आलंच होतं म्हणा.

आमचं दुकान तळेगावात, स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर. पुढं रद्दी, मागं आम्ही, आणि मधे एक पडदा. दोन वर्षांपूर्वी आम्ही कंपनीच्या क्वार्टरमधे राहायचो. दोन खोल्या होत्या, आतच नळ होता, आणि आप्पा मशीनवर ऑपरेटर होते. मग कंपनी बंद पडली आणि आम्ही इथं आलो. आई लोकांना सांगायची, की आमचं घर चांगलं ऐसपैस आहे, फक्त पाहुणा आत आला की घरातल्या कुणीतरी बाहेर जायचं. आप्पा ह्यावर हसायचे नाहीत. कंपनी गेली तसं त्यांचं बोलणंही आटलं होतं. दिवसभर तराजूपाशी बसायचे आणि काटा काय म्हणतो तेवढंच म्हणायचे.

दुकानात त्यांचा एकच नियम होता. आलेलं काहीही वाचा, पण शनिवारी टेम्पो आला की सगळं जाणार. रद्दीला जीव लावायचा नाही. त्यामुळं कितीतरी गोष्टी मी अर्ध्यावर सोडल्या आणि त्यांचे शेवट स्वतःच लावले. काही शेवट तर असे झकास जमले, की लिहिणाऱ्यानं विकत घ्यावेत.

तर ते बशीडोळ्यांचं पुस्तक. पलीकडच्या मोठ्या सोसायटीत एक जपानी कुटुंब राहायचं. ते बाडबिस्तरा आवरून मायदेशी गेलं आणि त्यांची रद्दी आमच्याकडं आली. त्यात हे एक पुस्तक, उशीएवढं जाड, आणि आत सगळी चित्रंच चित्रं. अक्षरं जपानी, म्हणजे आमच्या दृष्टीनं मुंग्या. मुखपृष्ठ चुकून मागच्या बाजूला चिकटवलं होतं. छापखान्यात असं होतं, वह्यांचंही कधीकधी होतं, असं मी दिप्याला समजावलं आणि पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं.

त्याच आठवड्यात माझी पाठवणी ठरली होती. लग्नाची नव्हे, मी अकरा वर्षांची होते. साताऱ्याची शेवंता आत्या मला शिकायला तिच्याकडं नेणार होती. परीक्षा झाली होती, रविवारी ती येणार होती. आत्याचा फ्लॅट होता, काकांची बँकेतली नोकरी होती, मुलगा मस्कतला होता, आणि घरात सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल होतं. ह्या टेबलाविषयी आम्ही एवढं ऐकलं होतं, की दिप्याला ते आमचं नातेवाईकच वाटायचं.

मला जायचं नव्हतं. हे मी आईला सांगितलं, आईनं आप्पांना सांगितलं, आणि आप्पा म्हणाले, की पोरगी हुशार आहे, उंदरांत राहून अभ्यास करायची तिची जागा नाही. आई म्हणाली, उंदीर तिला त्रास देत नाहीत, उलट तीच त्यांना वाचून दाखवते. पण आप्पांनी मान वर केली नाही. त्यांनी मान वर केली नाही, की विषय संपायचा.

मग मी त्या जपानी पुस्तकाच्या मागं लागले. दुसरं काही हातात नव्हतं. संध्याकाळी दिप्या आणि मी ढिगावर बसायचो, मी चित्रं बघून गोष्ट सांगायचे, पडद्यामागून भाकऱ्या थापता थापता आई ऐकायची. आप्पा ऐकत नाहीत असं दाखवायचे.

गोष्ट अशी होती. एक माणूस मोठ्या बंगल्यात राहतो. गळ्यात टाय, डोक्यावर झुंबर, समोर फूटपट्टीसारखं लांबच लांब टेबल, आणि त्यावर हा एकटाच वाटीभर भात खातोय. आईनं त्याचं नाव टायवाला ठेवलं. ह्या टायवाल्याचं एकेक सुटत जातं. आधी बंगला जातो आणि फ्लॅट येतो. मग मोटार जाते, स्कूटर येते. स्कूटर जाऊन सायकल येते. टाय तर कधीच गेलेला. पुढं तो हॉटेलात ताटं घासतो, घसरून पडतो, ताटं त्याच्या डोक्यावर पडतात. दारोदार पेपर टाकतो, कुत्रं त्याची चड्डी फाडतं. दिप्या इतका हसायचा, की ढीग घसरून खाली यायचा आणि मला परत लावायला लागायचा.

दिप्याला दोन शंका होत्या. पानांच्या कोपऱ्यातले आकडे उतरत का चाललेत, ही पहिली. मी म्हटलं, जपानी लोक यंत्रातले, ते रॉकेट सोडताना मोजतात तसंच सगळीकडं मोजतात. दुसरी शंका जरा अवघड होती. टायवाला लहान लहान का होत चाललाय? आधी मिशा होत्या, मग गेल्या, आता तर तो माझ्याएवढाच दिसतो. ह्यावर मला रात्रभर विचार करावा लागला. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, की काळजी कमी झाली की माणसाचं वय उतरतं.

"मग तुझ्या आप्पांना दाखव ते पुस्तक," पडद्यामागून आई म्हणाली.

आप्पांनी तराजूवरचं वजन उचललं, बघितलं आणि परत ठेवलं.

गुरुवारी आम्ही स्टेशनाच्या चित्रापाशी आलो. दोन पानं भरून एकच चित्र. आगगाडीचा डबा, दारात गाठोडं घेतलेला टायवाला, आता अगदी पोरगेलासा. फलाटावर त्याची आई, पाठीशी बाळ बांधलेलं, आणि चार भावंडं, एकाला झाकावं एकाला काढावं अशी. सगळी हात हलवताहेत आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

मी म्हटलं, आला एकदाचा घरी.

आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि वाकून चित्र बघत राहिली. त्या फलाटावरच्या बाईला म्हणाली, की बाई, फार वाट बघायला लावली गं पोरानं. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. ते पुसायला गेली आणि गालाला पीठ लागलं. शेवटच्या पानांवर त्यांचं घर होतं. एकच खोली, गळकं छप्पर, गळतीखाली जागोजागी भांडी, आणि मधोमध एका बुटक्या पाटाभोवती सगळी दाटीवाटीनं जेवताहेत. हसताना त्यांची तोंडं चेहऱ्यांपेक्षा मोठी झाली होती.

"जागा पुरते का तिथं सगळ्यांना?"

हे आप्पांनी विचारलं. मी आधी दिप्याकडं बघितलं, मग आईकडं, मग आप्पांकडं. कंपनी बंद पडल्यापासून कुठल्याही गोष्टीविषयी त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

"पुरते की," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि सुतळी वळायला घेतली. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलणार, माझ्या जाण्याबद्दल. पण सुतळी वळून झाली आणि ते गठ्ठे बांधायला लागले.

शुक्रवारी सबनीस साहेब आले. साहेब त्याच मोठ्या सोसायटीतले. महिन्याची रद्दी गाडीच्या डिकीत घालून स्वतः आणायचे. त्यांच्या पेपरांना इस्त्री केल्यासारख्या घड्या असायच्या, आणि सोबत स्वतःचा छोटा काटा असायचा. आधी त्यांच्या काट्यावर, मग आमच्या तराजूवर. आमच्या तराजूवर आप्पा वजन थोडं जास्तच धरायचे, त्यामुळं साहेबांना दर खेपेला आमचाच तराजू बरोबर आहे असं वाटायचं आणि ते खूश होऊन जायचे. माणूस चांगला होता.

बरोबर त्यांची सानिका होती. ती माझ्याच वर्गात होती. तिच्या घरी पुस्तकांचं काचेचं कपाट होतं, पण जेवताना वाचायचं नाही, लोळून वाचायचं नाही, पान दुमडायचं नाही, असे सतरा नियम होते. ती आमच्या ढिगाकडं असं बघायची, की मला तिची दया यायची. दिप्यानं तिला एकदा तिकीट लावून ढिगावर बसू दिलं होतं. तिकीट म्हणजे तिच्या डब्यातली शंकरपाळी.

साहेबांनी माझ्या हातातलं पुस्तक बघितलं आणि त्यांचा चेहराच फुलला. त्यांच्या कंपनीच्या कामासाठी ते जपानी शिकले होते, परीक्षाही दिली होती, आणि तळेगावात ते कुणापाशी बोलावं हा त्यांचा मोठा प्रश्न होता. त्यांनी मला विचारलं, काय कळलं गोष्टीतलं. मी सांगायला लागले. बंगल्यापासून स्कूटरपर्यंत आले आणि ते हसायलाच लागले. वाईट हसले नाहीत, पण पोट धरून हसले.

"अगं, जपानी पुस्तक त्या बाजूनं सुरू होतं," ते म्हणाले. "तू सगळी गोष्ट उलटी वाचलीस."

मग ते पेपरांच्या गठ्ठ्यावर बसले, पुस्तक मागून उघडलं आणि आम्हाला खरी गोष्ट सांगितली. गरिबाघरचं पोर. खायची मारामार. आई त्याला शहरात श्रीमंत काकांकडं पाठवते. तिथं ते पोर पेपर टाकतं, ताटं घासतं, रात्रशाळेत शिकतं, धडपडतं, पडतं, पण उठतं, आणि शेवटी बघा, बंगला. विनोदी आहे, पण मुलांनी घेण्यासारखं आहे, असं साहेब म्हणाले. सगळ्यात शेवटच्या पानावरच्या अक्षरावर बोट ठेवून त्यांनी सांगितलं, की ह्याचा अर्थ समाप्त.

दिप्या माझ्याकडं बघत होता. रॉकेटचं त्याला आता कळलं होतं. पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझं सगळं लक्ष आप्पांकडं होतं, कारण ते पहिल्यांदाच तराजू सोडून उठून आले होते.

"पोरांना लांब पाठवलं, की ती घडतात," साहेब त्यांना म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

"आमची पण निघालीय परवा," आप्पा म्हणाले. "बहिणीकडं, साताऱ्याला."

साहेब म्हणाले, उत्तम निर्णय. चार दिवस मी ज्या पुस्तकाला घरचं माणूस समजत होते, ते फिरून आप्पांच्या बाजूला जाऊन बसलं होतं. मला त्या टायवाल्याचा इतका राग आला, की तो समोर असता तर मीही त्याच्यावर कुत्रं सोडलं असतं.

आप्पांनी हात लेंग्याला पुसले आणि पुस्तक मागितलं. साहेबांनी दाखवलं होतं तसं, त्या बाजूनं एकेक पान उलटायला लागले. पाटाभोवतीचं जेवण. गळकं छप्पर. मग स्टेशनाचं चित्र आलं. तिथं ते थांबले.

"म्हणजे इथं हा येत नाही. जातो."

"हो, इथे तो घर सोडतो."

"आणि परत कधी येतो?"

साहेबांनी पुस्तक घेतलं आणि भराभर पानं उलटली. मग चष्मा नीट करून जरा सावकाश उलटली. सानिका त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. मीही गेले. सायकल, स्कूटर, मोटार, टाय, मिशा. ती आई, ते बाळ, ती चार भावंडं, स्टेशनानंतर कुठल्याच पानावर नव्हती.

"पैसे पाठवतो बघा," साहेब म्हणाले. "हे पाकीट आहे इथे."

"पैसे ठीक आहे. तो स्वतः?"

"येत असेल हो. पुढच्या भागात येत असेल."

"पुढचा भाग नाहीये, पप्पा," सानिका म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, समाप्त."

साहेब त्या लांब टेबलाकडं बघत राहिले. त्यावर तो एकटा, वाटीभर भात. मग त्यांनी घड्याळात बघितलं, पुस्तक आप्पांच्या हातात दिलं, आणि स्वतःचा काटा आमच्याकडंच विसरून गेले.

मी संध्याकाळभर आप्पांच्या आगेमागे फिरले, विनाकारण सुतळी आणून दिली, विनाकारण पाणी आणून दिलं. दोन्ही घेतलं आणि बोलले नाहीत.

शनिवारी टेम्पो आला. आप्पांनी गठ्ठे भरले आणि संध्याकाळी ढीग होता तिथं नुसती फरशी उरली. पुस्तक कुठंच नव्हतं. दिप्या रडायला लागला. मी त्याला सांगितलं, की टायवाला टेम्पोनं जपानला गेला. त्यानं विचारलं, घरी गेला का बंगल्यावर? आईनं माझी पिशवी भरली. दोन फ्रॉक, कंगवा, वह्या, आणि सगळ्यात वर तिचे निवडक गणपती. भरताना ती एकही टोमणा मारत नव्हती, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

रविवारी आत्या आली, कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. ती दारातून आत आली तसा दिप्या सवयीनं बाहेर गेला. आत्या वाईट नव्हती. तिनं माझ्यासाठी गुलाबी मच्छरदाणी आणली होती आणि माझ्यासाठी कुठली खुर्ची ठेवलीय तेही सांगितलं, खिडकीकडची. मस्कतहून दादाचा फोन रविवारी येतो, असं म्हणाली. आजही येईल, काका घरी आहेत, घेतील. टेबलाचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं तिनं. दोन माणसांना एवढं मोठं टेबल कशाला लागतं, आम्ही आपले स्वयंपाकघरातच खाली बसून जेवतो, असं हसत सांगितलं.

जेवणं झाली. आईनं पिशवी दारापाशी आणून ठेवली. मी चपला घातल्या.

"आक्का," आप्पा म्हणाले, "उजा यायची नाही."

आत्याच्या हातातली सुपारी हातातच राहिली. "का रे सदा? मी काय तिला धुण्याभांड्याला नेतेय?"

आप्पांनी तोंड उघडलं. काहीतरी सांगायचं होतं, ते मला दिसत होतं, पण दोन वर्षं न बोललेल्या माणसाला एकदम कुठून सुचणार. ते उठले, पडद्याबाहेर गेले. तराजूखालची फळी सरकवल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी उशीएवढं जाड होतं.

दिप्या बाहेरून ओरडायच्या बेतात होता. आईनं त्याला डोळ्यानं गप्प केलं.

आत्यानं चष्मा लावला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि आपण कुणीही उघडू तसंच डावीकडून उघडलं. मी पुढं झाले, उलटं आहे ते, असं सांगणार होते. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी ओठ मिटले.

बंगल्याच्या पानावर ती बराच वेळ थांबली. "ह्याच्या पण टेबलाला कुणी नाही वाटतं," म्हणाली. मग एकेक पान उलटत गेली. मिशा गेल्या, मोटार गेली, स्कूटर गेली. ताटं डोक्यावर पडली तिथं ती थोडी हसली. स्टेशनाचं चित्र आलं तशी तिनं पुस्तक उचलून डोळ्यांजवळ नेलं. त्या फलाटावरच्या बाईच्या तोंडावरून बोट फिरवलं.

"आला का गं बाई," ती म्हणाली. मला नव्हे, कुणालाच नव्हे.

शेवटचं पान झालं. पुस्तक मिटून ते तसंच मांडीवर ठेवून ती बसली. नंतर पदरानं चष्मा पुसला, परत लावला, परत काढून पुसला.

"सुभद्रा," ती आईला म्हणाली, "पोरीची पिशवी सोड."

आई जागची हलली नाही. तिला वाटलं असावं, आपण चुकीचं ऐकलं. मग मीच पिशवी सोडली, आणि सगळे गणपती आधी खाली पडले.

आत्यानं मच्छरदाणी माझ्याकडं सरकवली. म्हणाली, ही राहू दे, इथंही डास असतीलच. मग आप्पांकडं न बघता, सुपारी कातरत कातरत म्हणाली, "दोन-चार दिवस राहीन म्हणते मी पण. जागा पुरेल का रे?"

"पुरेल की," आप्पा म्हणाले. त्यांनी आपली सतरंजी आणि उशी उचलली आणि पडद्याबाहेर तराजूपाशी जाऊन टाकली. दिप्यानं लगेच विचारलं, की आप्पा, आजपासून तुम्ही रद्दी का? आणि आप्पा हसले. चांगले मोठ्यानं हसले.

आई पडद्याच्या फटीतून त्यांच्याकडं बघत होती. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बघ गं, दोन वर्षांनी लहान दिसतायत."